पहिलीला उठवायचं राहिलं

मंगळवारी दुपारी चारच्या बैठकीला एक खुर्ची कमी पडली, म्हणून कटिंगवाली ती आणायला खाली सामानाच्या खोलीत गेली. सुरुवात एवढीच. पुढे जे झालं त्याचं खापर कुणी खुर्चीवर फोडलं, कुणी ताईवर. पण खुर्ची साधी लाकडी होती, दोन हातांची, डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. आणि ताईला तर भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की हसू यायचं.

ते घर मारझोडीतून सुटून आलेल्या बायकांचं होतं. वर झोपायच्या खोल्या, खाली शिलाईचा कारखाना. दवाखान्यांसाठी गाऊन शिवायचे आणि त्यावर स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असा तिथला रिवाज. जिचं जे काम किंवा जिचा जो स्वभाव, तेच तिचं नाव. कटिंगवाली कापड कापायची. तीस थर एकावर एक रचून यंत्र फिरवलं, तरी वरचा तुकडा आणि तळाचा तुकडा जुळवून बघा, दोराभर फरक नसे. तिचा एक खांदा पुरता वर जात नसे. तो कुणी आणि कसा पिरगाळला होता हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नसे.

ताई लांब समुपदेशन शिकून परत आली होती, मंगळवारची बैठक तीच घ्यायची. वय सव्वीस. मनातलं बोललं की माणूस सुटतं, यावर तिची श्रद्धा होती, आणि ती इतकी खरी होती की तिची टिंगल करणाऱ्या बायकासुद्धा मंगळवारी वेळेवर येऊन बसत.

“ही खुर्ची रिकामी आहे,” ताई म्हणाली. “जिला ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, तिनं त्याला इथे बसवायचं. सगळं बोलून टाकायचं. मग आपण त्याच्या जागी बसून त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. आणि शेवटी त्याला उठवून, जा म्हणून सांगायचं. ते विसरायचं नाही.”

टाचणी नावाची एक किडकिडीत, टोकदार जिभेची बाई होती. ती पहिली उठली. नवऱ्याला बसवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बस. बस ना! नाहीतरी जन्मभर बसूनच खाल्लंस. आणि पाय हलवू नकोस, पुठ्ठा निघेल.”

बायका पोट धरधरून हसल्या. हसता हसता टाचणी रडली. मग नवऱ्याला तिनं दारापर्यंत पोचवला, वर दार लावून घेतलं.

मग कटिंगवालीची पाळी आली.

तिचं मन त्या दिवशी थाऱ्यावर नव्हतं. सकाळीच ऑफिसात तिच्या नणंदेचा फोन आला होता. “वहिनी, दादानं दुसरी बघितलीय. म्हणजे तिसरीच म्हणायची. औषधांच्या दुकानात असते. दिसायला बरी आहे हं. शनिवारी अकराला दादा फाटकाशी येईल. आलीस तर घर तुझं. नाहीतर ती येईल.”

तेव्हापासून तिचा जीव जळत होता. तिला लाज वाटत होती, पण जळणं थांबत नव्हतं. खांदा वर होत नाही, झोपेत अजून दचकायला होतं, आणि तरी डोळ्यांपुढे येत होतं ते एवढंच की कुणीतरी आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे, आपल्या डब्यांची झाकणं उघडते आहे.

“कुणाला बसवायचं?” ताईनं हळू विचारलं. “त्याला?”

“नाही. पहिलीला.”

त्याची पहिली बायको जिन्यावरून पडून गेली होती, असं घरचे सांगत. तिच्या मागून ही आली. सहा वर्षं हिनं ऐकलं ते पहिलीचंच. पहिलीच्या हाताला चव होती. पहिली उलटून बोलत नसे. पहिलीवर त्यानं कधी बोट उगारलं नाही. तूच तशी, म्हणून वेळ येते. सासूनं पहिलीचे ड्रेस हिला घालायला दिले होते, लांब बाह्यांचे, चांगल्या कापडाचे. सहा वर्षं मार खाताना कटिंगवाली मनातल्या मनात एका मेलेल्या बाईचा हेवा करत होती.

ती खुर्चीसमोर बसली. मग एकदम म्हणाली, “काय होतं गं तुझ्यात? काय करायचीस तू, की तो तुला मारत नव्हता? मला सांग ना. मीही केलं असतं.”

खाली एक मशीन चालू होतं, ते थांबलं. आणि खुर्ची करकरली. कुणी दमून टेकल्यावर करकरते तशी, आधी पाठ, मग बैठक. दुखऱ्या सांध्यांना चोळतात त्या मलमाचा उग्र वास आला.

“आता तिच्या जागी बस,” ताई म्हणाली. तिनं ते करकरणं ऐकलं असेल की नाही कोण जाणे.

कटिंगवाली उठली, खुर्चीत बसली. बैठक कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचाच होता, पण शब्द तिचे नव्हते.

“बाही उसव,” ती म्हणाली. “माझी डावी बाही उसवून बघ… मग विचार… तुझ्यावर मी किती जळले असेन. तू आलीस त्या दिवशी मी जिन्याखाली उभी होते. मला कुणी बघेना. तुला त्यानं हाताला धरून आत नेलं… मेले तरी जळले. आणि आता तू तर दारातून निघून आलीस. मला का नाही जमलं गं? मला का नाही…”

“गाडी आली गं!” खालून मावशी ओरडली. मावशी म्हणजे कारखान्याची मुकादम, तिच्या आवाजानं भिंतीचा रंग उडायचा. “दोनशे गाऊन चढवायचेत! तुमचं रडणं उद्या!”

बायका धडपडत उठल्या. ताईनं कटिंगवालीला मिठी मारली, “फार मोठं काम केलंस,” म्हणाली, आणि तीही गठ्ठे उचलायला खाली धावली.

पहिलीला उठवायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची कापायच्या टेबलापाशी होती. प्रत्येकीला वाटलं दुसरीनं आणली. कटिंगवालीनं कापडाचे थर रचले, खडूनं आखलं, यंत्र फिरवलं. दुपारी मावशी एक तुकडा झेंड्यासारखा फडकावत आली.

“काय गं, ही डावी बाही हत्तीसाठी कापलीस काय?”

तीसच्या तीस गाऊनांच्या डाव्या बाह्या चार बोटं जास्त रुंद होत्या. खांदे मात्र अरुंद. ते माप दवाखान्याचं नव्हतं. कटिंगवालीला ते पाठ होतं. सहा वर्षं तिनं ते अंगावर घातलं होतं.

ती वर गेली. पळून आली तेव्हा अंगावर जो ड्रेस होता तो पेटीच्या तळाशी होता, पहिलीचाच. तिनं तो उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात डावी बाही उसवली. शिवणीच्या आत शिंपी थोडं कापड जास्तीचं राखतात, पुढेमागे सैल करता यावं म्हणून. उजव्या बाहीत ते तसंच होतं, कोरं. डाव्या बाहीत सुईच्या भोकांच्या रांगाच रांगा होत्या. सैल केलेली, परत आवळलेली, परत सैल केलेली. माणसाचं अंग असं एकाच बाजूनं जाड-बारीक होत नाही. हात सुजला की बाही उसवायची. सूज उतरली की शिवायची. तिनं रांगा मोजल्या. अकरा. अकरावी सैल केलेली होती, आणि तिच्यानंतर काही नव्हतं.

इतकी वर्षं कापडात हात असून हे आपल्याला दिसलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाला शिवण दिसत नाही, वरचं कापड तेवढं दिसतं.

संध्याकाळी तिनं ताईला गाठलं. “ताई, तिला उठवायचं राहिलंय.”

ताई आधी हसली. मग तिनं कटिंगवालीचा चेहरा बघितला. “उठव की मग. मी येऊ?”

“नको. ती माझी आहे.”

पण बुधवारी तिनं पहिलीला उठवलं नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. खरं सांगायचं तर बाही उसवूनही तिचं जळणं विझलं नव्हतं. औषधांच्या दुकानातली ती बरी दिसणारी पोरगी काही डोळ्यांपुढून हलेना. शुक्रवारी तिनं पिशवी भरली.

शनिवारी पावणेअकराला ताई दारात उभी राहिली. पिशवी बघून तिचे डोळे भरले, पण ती बाजूला झाली. “मी अडवणार नाही,” ती म्हणाली. “दाराला कुलूप लावायचं म्हणून हे घर काढलेलं नाही.”

बैठकीच्या खोलीतून मलमाचा वास येत होता, खुर्ची परत तिथेच आली होती. भर सकाळ, खिडकीतून ऊन, आणि ऊन खुर्चीवर पडत होतं तिथे मात्र लाकूड काळवंडल्यासारखं दिसत होतं. कटिंगवालीनं आत जाऊन पिशवी खाली ठेवली.

“ऊठ,” ती म्हणाली. “झालं आता. जा.”

खुर्ची करकरली. आज पहिलीला दुसऱ्याच्या तोंडाची गरज नव्हती. आवाज अगदी जवळून आला, कानात कुजबुजल्यासारखा.

“कुठे जाऊ…? तो खाली आलाय. मला न्यायला आलाय.”

“तुला नाही, मला.”

“तू तर सुटलीस… तुला कशाला हवंय? मला दे तुझी जागा. तिसरी येण्याआधी… मला जाऊ दे.”

“वेडी आहेस का?” कटिंगवाली एकदम भडकली. “त्याच्याकडे जातेस? अकरा वेळा बाही उसवलीस तू! तो बदलणार आहे का? दर वेळी रडतो, दर वेळी पायाशी बसतो, आणि आठवड्यानं परत तेच. मी बघितलंय ना! तुझं काय चुकलं होतं? काही नाही. तू हसलीस तरी चुकायचं, गप्प बसलीस तरी चुकायचं. तू नको जाऊस. ऐक माझं. कुणीच नको जायला.”

बोलता बोलता ती थांबली. हे सगळं आपण कुणाला सांगतो आहोत, ते तिच्या ध्यानात आलं. छातीतली ती आग कुठे गेली कळलं नाही. तिथे नुसतं गार, मोकळं वाटत होतं. तिनं पायानं पिशवी भिंतीशी सरकवली.

“मी जात नाही,” ती म्हणाली. “तूही थांब. इथे थांब माझ्यापाशी.”

मग खुर्ची हलकी झाल्यासारखी वर उचकली, पुठ्ठ्याची घडी निसटून बाजूला पडली. मलमाचा वास दारातून बाहेर गेला, जिन्यावरून खाली.

“अगं थांब…!”

ती खिडकीशी धावली. फाटकाबाहेर तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. अकरा वाजले. त्यानं मान वर केली आणि त्याचा चेहरा उजळला. कुणीतरी बाहेर आल्यावर सरकतो तसा तो बाजूला सरकला. समोरून कुणाचं तरी ओझं हातात घेतलं. मग कोपर पुढे केलं, आणि अगदी सांभाळून, पावलाला पाऊल जुळवत, तो रस्त्यानं निघून गेला. त्याच्या शेजारी रिकामं ऊन होतं.

आणि खिडकीत उभ्या असलेल्या कटिंगवालीच्या काळजात कळ उठली, अजूनही, इतकं सगळं कळूनही. मला कधी असं सांभाळून नेलं नाहीस.

ती खाली आली तसा वॉचमन काका उठून उभाच राहिला. “तुम्ही… तुम्ही तर आत्ता गेलात ना, साहेबांबरोबर?” त्यानं वही पुढे केली. जाणाऱ्यांच्या रकान्यात एक सही होती, डाव्या हातानं केल्यासारखी वेडीवाकडी. शाई ओली होती.

त्यानंतर दिवस चांगले गेले. कटिंगवालीच्या हाताखाली दोघी शिकायला आल्या. स्वतःची खोली झाली, दाराला स्वतःची किल्ली झाली. रोज भिंतीशी व्यायाम करून हात कानापर्यंत वर जाऊ लागला. टाचणी म्हणायची, “आता माझ्या नवऱ्याला थोबाडीत द्यायला तुलाच नेते.” औषधांच्या दुकानातल्या पोरीला सावध करायला ती स्वतः जाऊन आली. त्या पोरीनं हसून सांगितलं, ते स्थळ कधीच मोडलं, त्यांची बायको परत आलीय म्हणे.

चार महिन्यांनी, भर दुपारी ऑफिसात फोन वाजला. ताई बाहेर गेली होती. कटिंगवालीनं उचलला.

“तू तिथेच आहेस…?” तोच होता. इतक्या दबक्या आवाजात तिनं त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “खरं सांग… तू तिथे आहेस ना? मला इथून ने. दार उघडत नाही. मी हात जोडतो…”

मागे एक बाई हसत होती. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. त्या घरात सहा वर्षांत कटिंगवालीला असं एकदाही हसता आलं नव्हतं. रिसीव्हर कानाला लावून ती ऐकत राहिली, आणि मनात नको ते चावलंच. तिला जमलं. मला नाही जमलं.

हसणं थांबलं. तिकडे फोन हातातून हातात गेला. मलमाचा वास आला, तारेतून येऊ शकत नाही तरी आला.

“बरी आहेस ना गं?” पहिलीनं विचारलं. मग तिचा आवाज बसला, कुजबुजला. त्यात एक जुनी, ओळखीची जळजळ होती. “एक सांगशील…? माझ्याआधी या घरात कोण होती? ती दिवसभर माझ्यामागे उभी असते… आणि हसत मी नव्हते, ती हसत होती.”