खाचेपलीकडचा सूर्य

मात्लाल्क्वेये डोंगराखालच्या गावात प्रिमितिवा क्वाउत्ले शाळेत शिकवायची. पृथ्वी कललेली राहून सूर्याभोवती फिरते, म्हणून ऋतू होतात, हे ती मुलांना दरवर्षी संत्रं फिरवून दाखवी. तिचे सासरे फिदेन्सिओ हसायचे.

"फिरू दे तुझं संत्रं. डिसेंबरात तोनालत्सिन, आपला सूर्यदेव, डोंगरातल्या त्या खाचेत येतो, चार दिवस टेकतो आणि मागे वळतो. वळला, की पेरणीचे दिवस मोजायचे."

चाळीस वर्षं घराच्या धाब्यावरून सूर्योदय पाहून तेच गावाला पेरणीचा दिवस सांगत. यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि काम सुनेकडे आलं.

एकवीस तारखेला सूर्य बरोबर खाचेत उगवला.

बावीसला तो तिथे न टेकता बोटभर उजवीकडे, आणखी पुढे उगवला. उभं राहण्यात चूक झाली असेल, म्हणून तिने खडूने पावलं आखली. दुसऱ्या दिवशी त्याच पावलांवरून दोन बोटं.

चोवीसला तिने शेजारच्या आउरेलियाला वर बोलावलं. "सूर्य कुठे आहे गं?"

"खाचेत. आणखी कुठे असणार? बाई, सकाळीच पुल्के ढोसलीस की काय?"

प्रिमितिवाने फोटो काढला. फोटोत सूर्य खाचेतच होता. मान वर केली, तर तीन बोटं पुढे.

खाली येऊन तिने सासऱ्यांच्या हातात मक्याची पेज दिली आणि सगळं सांगितलं. "मामंजी, गावाला काय सांगू? वळला म्हणू?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "माझी आई एका वर्षी असंच म्हणाली होती. आम्ही हसलो."

"मग?"

"उद्या सूर्य उगवताना मला वर ने."

पंचवीसला सूर्य उगवताना तिने त्यांना धाब्यावर स्टुलावर बसवलं आणि स्वतः उजव्या बाजूला उभी राहिली. त्यांनी तोंड नेमकं खाचेकडे केलं.

"इथेच आहे. ऊन लागतंय तोंडावर."

तीही खाचेकडेच पाहत होती. ऊन तिच्या उजव्या गालावर होतं.

तिने मागे वळून पाहिलं.

सासऱ्यांची सावली सरळ मागे पडली होती. तिची तिरकी जाऊन त्या सावलीला छेदत होती.

म्हाताऱ्याने चाचपडत तिचा हात धरला आणि दचकून सोडला.

"केवढी गारठलीस, पोरी! सावलीत काय उभी राहिलीस? ये इकडे, उन्हात ये."