खिडकीकडे पळालेले कुरुत

"सारखी टकटक करतोस... कधी आतून 'या, या' आलं का रे?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, चोल्पोनने लावली होती. आणि मी, बेगायिम, हल्ली पैजांना घाबरत नाही!

आमच्या नव्याकोऱ्या घरात, बिश्केकमधल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, उरमात हातोडी घेऊन खांबाला कान लावून उभा होता. शेजारच्या तुकडीतला. शिवाय ही इमारत बांधणाऱ्या इंजिनिअरचा मुलगा.

तो वळला. पापण्यांवर गिलाव्याची धूळ... तरी डोळे हसरे.

"आलं ना. म्हणे, आत कुणी नाही. काँक्रीटसुद्धा नाही."

"चेष्टा पुरे!"

"मग ऐक." वर ठोकलं – ठक्. खाली ठोकलं – ढब्, पोकळ. मी कान लावला. त्याचा श्वास माझ्या गालाशी...

"आणि ही धडधड कसली?" त्याने विचारलं.

"माझ्या रागाची! तुला आधीपासून माहीत होतं?"

"बाबांनी बोलायला बंदी केलीय. ठोकायला नाही. वाटलं, कुणीतरी विचारेल... तू विचारशील."

"मी चोल्पोनच्या पैजेसाठी विचारलं, मूर्खा!"

"मग चोल्पोनचे उपकार," तो पुटपुटला. "दोन वर्षं वाट बघतोय, तू काहीतरी विचारावंस म्हणून."

लाजू की कानाखाली देऊ? "मी आवडते, आणि मला या छताखाली झोपू देणार होतास?"

त्याचं हसू मावळलं.

तेवढ्यात ममाने गृहप्रवेशाच्या दुवेसाठी हाक मारली. आजोबांनी तळहात उघडून दुवा दिली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. ममाने बरकतीसाठी रिकाम्या खोलीत गोड गोळ्या आणि कुरुत – वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे – उधळले. पोरं वेचायला धावली. पण कुरुत थांबेचनात! घरंगळत घरंगळत सगळे खिडकीच्या कोपऱ्यात, त्याच खांबापाशी जमले.

"बरकत खिडकीतून आली!" मावशी हसली.

"जमीनच उतरती आहे, मावशी! बरकत कसली?"

"शुभदिवशी घराला नावं ठेवू नये गं!"

आमचं हे असं! आधी दुवा, मग सही. आणि तपासणी? ती भूकंप करतो!

पप्पांनी घराच्या ताब्याच्या कागदावर सही करायला पेन उघडलं. त्यांच्या शेजारीच उरमातचे वडील, भुवया ताणून उभे. मी उरमातकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता... पण पुढे आला.

"काका, सही करू नका. खांब आतून पोकळ आहे. वरून नुसता गिलावा फासलाय."

"उरमात! घरी चल, मग दाखवतो तुला!"

"येतो, बाबा. पण हा खांब फोडून पुन्हा भरायला हवा."

पोरांनी चघळणं थांबवलं. पप्पांचं पेन अजून कागदावरच. ममा डोळ्यांनी दटावत होती, शोभा करू नकोस.

मी पप्पांच्या हातातून पेन काढून घेतलं. माझा आवाज खणखणीत होता.

"पप्पा, ममा, ऐका. खांब नीट होईपर्यंत मी इथे राहायला येणार नाही. दुवा काही वाया जात नाही, थांबेल ती. आणि उद्या उरमात आपल्याकडे चहाला येतोय. मी त्याच्यावर भयंकर चिडलेय... आणि तो मला आवडतो. दोन्ही पक्कं ठरलंय."