कोंडसरीसमोरचं पाणी

जिल्हा नियोजन भवनातल्या भिंतीएवढ्या नकाशावर कुंदा तोडणकरने बोटाने एक पट्टा पुसला आणि कोंडसरीच्या किनाऱ्यावरची नियोजित विश्रामनगरी उचलून आडबंदरच्या किनाऱ्यावर ठेवली. कारणं तिने तीन दिली: पाणी, रस्ता, उताराची माती. तिन्ही खरी होती. चौथं आडबंदरसमोरच्या समुद्रात तरंगत होतं आणि त्याचं नाव जनार्दन तोडणकर.

जनार्दन तिथल्या श्रवणनौकेवर देवमाशांचे आवाज टिपायचा. त्याच्या जागी बसायला दुसरा कान मिळेना, म्हणून नवरा घरी येई तो पाहुण्यासारखा. कोंडसरीच्या त्यांच्या घरापासून आडबंदर म्हणजे अख्ख्या दिवसाची वाट. नौका कोंडसरीसमोर आली, तर मात्र तो रोज संध्याकाळी होडी वल्हवत जेवायला घरी आला असता. कुंदाचा हिशेब एवढाच.

समुद्राकडचा हिशेब इक्बाल मुकादमकडे. तो जनार्दनचा वर्गमित्र आणि सागरी आराखड्याचा प्रमुख. जमिनीवरच्या व्यवहाराची सावली पाण्यात कुठवर पोचते, हे त्याच्या संगणकातला छायागणक काढी आणि त्यावरून समुद्राचे पट्टे पाडी.

"समुद्राचा नकाशा आम्ही काढतो हा लोकांचा गैरसमज, वहिनी," तो म्हणायचा. "तुम्ही कोरडा काढता, आम्ही फक्त ओला करून घेतो."

किनाऱ्यावर पंप चालला की जांभा थरथरतो आणि ती थरथर खडकातून पाण्यात दूरवर जाते. दिव्यांना मासळी भुलते, मासळीमागे होड्या येतात. म्हणून श्रवणनौकेला ओसाड किनाऱ्यासमोरचंच पाणी लागतं. आडबंदर गजबजलं की नौकेला कोंडसरीशिवाय जागा नव्हती. इक्बालने हे ओळखून, चौथं कारण अहवालात राहिलं वाटतं, असं चिडवलंही. कुंदाने मनात दोन ताटं केव्हाच वाढली होती.

आराखडा मंजूर झाला. गणकाने कोंडसरीसमोर निळा शांत पट्टा पाडला. त्याच्या काठावर एक लाल ठिपका राहिला.

"हे काय?"

"तुमचं घर."

"ते जुनं बांधकाम. त्याला सवलत आहे. मीच लिहिलीय."

"सवलत जमिनीवर, वहिनी. पाण्याला कसं सांगू, हा पंप आपल्या माणसाचा आहे म्हणून?"

पंप काढते, पाणी शेंदते, दिवासुद्धा लावत नाही, असं ती सांगत राहिली. गणक आजचा दिवा मोजत नव्हता, वस्ती मोजत होता. माणूस राहिला की आज ना उद्या मोटार येतेच. हेच तिने कितीतरी गाववाल्यांना समजावून त्यांची घरं हलवली होती. आराखडा मागे घ्यावा, तर आडबंदरला लोकांनी पाये खणले होते.

कोंडसरीचं घर पाडलं नाही, नुसतं ओस केलं. घर सोडणाऱ्याला नव्या वस्तीत घर मिळतं, असा नियम. नवी वस्ती एकच होती.

नौका हलल्यानंतर एका संध्याकाळी आडबंदरच्या घरात कुंदाचा फोन वाजला.

"आपल्या ओटीवर बसलोय," जनार्दन म्हणाला. "वल्हवत आलो. कुलूप आहे ठाऊक होतं, तरी आलो. तू?"

"तुझ्या जुन्या पाण्यासमोर."

"काय दिसतंय?"

"दिवे. पुष्कळ दिवे."

तिने फोन कानाशी घट्ट धरला. मग तो म्हणाला, "इथं तुझा श्वाससुद्धा ऐकू येतोय बघ."