गाईच्या पोटातला चुंबक

आमची नेर्मिन गोठ्यात पाऊल टाकत नाही. सून माझी, शेतकऱ्याची लेक, आणि बादली उंबऱ्यावर ठेवून मला म्हणते, "आई, धार तुम्ही काढा." का, तर गाय तिच्याकडे बघते. अगं, गाय बघणार नाही तर काय जपमाळ ओढणार?

मनिसा जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरात पूर्वी सुया उचलणारे काळे दगड सापडायचे. जगाने चुंबकाला ‘मॅग्नेट’ हे नाव आमच्याच मुलुखाच्या जुन्या नावावरून दिलं म्हणतात. सासरे तसा एक दगड पिठाच्या डब्यात ठेवायचे. आता गुरांचा डॉक्टर रिफ्की बोटाएवढा चुंबक आणतो, कसल्याशा मिश्र धातूचा, आणि कालवडीला गिळायला लावतो. चाऱ्यातून तार-खिळा पोटात गेला की चुंबक त्याला धरून ठेवतो, काळजाकडे सरकू देत नाही. भरला की रिफ्की घशातून नळी घालतो आणि दोरीला बांधलेल्या मोठ्या चुंबकाने तो वर ओढून काढतो.

वसंतात गाय कुथायला लागली, म्हणून काढला. तारेचे तुकडे, खिळे आणि एक लोखंडी किल्ली. आमच्या दाराची.

ती माझ्या तुर्गायच्या गळ्यात असायची. एकुलता एक पोरगा माझा, नेर्मिनचा नवरा. लिबियात बांधकामावर निघाला तेव्हा मीच ती त्याच्या गळ्यात घातली होती. हिवाळ्यापासून त्याचा फोन बंद. मुकादम म्हणतो, काम सोडून गेला. कुठे, ते त्याला ठाऊक नाही.

मी नेर्मिनकडे वळले. "तूच टाकलीस चाऱ्यात. तो मेला असं मला पटलं की तू दुसरा घरोबा करायला मोकळी!"

"आई, किल्ली तो घेऊन गेला. तुम्हीच घातलीत गळ्यात."

"लोहार काय गावात एकच आहे? दुसरी करून घेतली असशील."

पण किल्लीची कडी वाकडी होती. लहानपणी त्याने दगडाने ठोकून केली होती, अगदी तशीच.

मग गोठ्याला मी कुलूप घातलं. त्या भित्रीला तर बरंच झालं. वैरण मी टाकायची, पाणी मी दाखवायचं. मोडक्या लाउडस्पीकरमधला गोल चुंबक पेंढीपेंढीवरून फिरवायचा. एक टाचणीसुद्धा आत जाऊ दिली नाही.

ऑलिव्ह काळे पडायला लागले तेव्हा गाय पुन्हा कुथली.

या वेळी चुंबकाला पट्ट्याचं बक्कल चिकटून आलं. तुर्गायच्या पट्ट्याचं. त्याच्या खाचेत पिवळी, पिठासारखी वाळू होती. गाईच्या पोटातून आलं, तरी वाळू कोरडी.

रिफ्कीने विचारलं, "मावशी, गाय चरायला सोडता?"

"दावं सोडलेलं नाही तिचं."

"मग ही वाळू?"

"डॉक्टर तू आहेस की मी?"

रिफ्की हसला नाही. चहा तसाच ठेवून गेला.

नेर्मिनला मी बक्कल दाखवलं. वाटलं, रडेल. तिने फक्त विचारलं, "आई, अजून काय काय लोखंडाचं होतं त्याच्या अंगावर?"

मी तिला कणीक मळायला लावलं.

काल रिफ्कीने तिसऱ्यांदा चुंबक ओढला. वीतभर लांब पट्टी आली. तिच्यात सहा स्क्रू.

मोटारसायकलवरून पडला होता तुर्गाय, तेव्हा इझमीरच्या इस्पितळात त्याच्या नडगीत बसवली होती ती. मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी फोटोत दाखवली होती.

रिफ्कीने पट्टी सोडवली आणि पुन्हा चुंबकाला लावून बघितली. ती घसरून शेणात पडली. परत लावली, परत पडली.

"मावशी," तो म्हणाला, "हाडातलं हे स्टील चुंबकाला चिकटतच नाही."

गाय रवंथ करत होती.

नेर्मिन कधी आत आली, मला कळलं नाही. तिने पट्टी उचलली, नळाखाली धुतली, डोक्यावरचा रुमाल सोडून त्यात गुंडाळली.

"आई, पाया पडते तुमच्या. गाय विकून टाकू या."

रिफ्कीही मान हलवायला लागला.

मी गाईच्या पाठीवर हात ठेवला. ऊब होती.

"नेर्मिन," मी म्हणाले, "डॉक्टरांकडून नवा चुंबक घे आणि गिळव तिला. गाय कुठे जाणार नाही. माझं पोर अजून पुरतं घरी आलेलं नाही."