ओढ्यात हात धुणारा पाहुणा

"उद्या पहाटे आपण तिघांनीच डोंगरावर जायचं," दमास्पी सांगत होती, तेवढ्यात फर्नकने तिचा हात दाबला.

"खाली बघ."

ओढ्यावर कालचा पाहुणा बसला होता. खसाखसा हात धुऊन तो पाण्यातच थुंकला.

"हात तर धुतोय," दमास्पीचा धाकटा भाऊ मित्रक म्हणाला. "तुला ते कधी जमलंय?"

"गप रे. वाहत्या पाण्यात धुतोय," फर्नक म्हणाला. तो राजाचा दरबार भरणाऱ्या हगमतान शहरातून सुट्टीसाठी मामाकडे, म्हणजे दमास्पीच्या घरी आला होता. "आमच्याकडे तर नोकरसुद्धा पाणी घागरीत घेऊन लांब जातात. नदी विटाळायची नसते. आणि हा म्हणे राजाचा डोळा!"

प्रांतांचा कारभार पाहणाऱ्या क्षत्रपांवर गुपचूप नजर ठेवणाऱ्या राजाच्या माणसाला सगळे तसंच म्हणत. दमास्पीचे बाबा, वहुक, राजरस्त्यावरची, निरोप नेणाऱ्या स्वारांना ताजे घोडे देणारी टपालचौकी सांभाळत. पाहुण्याने गळ्यातली राजाची मोहर दाखवून त्यांना सांगितलं होतं, "तुमचा क्षत्रप फितूर झालाय. त्याचे निरोप थांबवायचेत. सहाही घोडे मी नेतो. किल्ल्यावर किल्लेदाराला कळवू नकोस."

पोरांनी बाबांना गाठून ओढ्यावर पाहिलेलं सांगितलं.

"मोहर पाहिली ना मी?" बाबा खेकसले. "आता हात बघत बसू?"

"पण बाबा, क्षत्रपाचा स्वार आला आणि घोडेच नसले तर?" दमास्पीने विचारलं.

बाबांचा चेहरा उतरला. तसं झालं तर त्यांना साखळदंड घालून नेलं असतं. खऱ्या अधिकाऱ्याला अडवलं, तरीही तेच.

"तुम्ही फक्त ओढ्याशी उभे राहा," दमास्पी म्हणाली. "खरा असेल तर हात धुवायला घागर मागेल."

मित्रकने अंगणातल्या घागरी गवतात लपवल्या. फर्नकने एका घोडीचा पाय शेणाने माखला आणि तिला ओढ्याशी आणलं.

"सरकार, ही लंगडतेय. बघता का जरा?" दमास्पीने हाक मारली.

पाहुण्याने खूर दाबून पाहिला. "काही झालं नाहीये हिला. आंधळी आहेस का गं?" माखलेल्या हातांकडे त्याने वैतागून पाहिलं आणि बाबांच्या देखत ते सरळ ओढ्यात बुडवले.

बाबांनी घोडीचा लगाम दमास्पीच्या हातात दिला. मग हसून म्हणाले, "सरकार, खोगिरं चढवायला वेळ लागेल. तोवर जेवून घ्या. कोकरू शिजतंय." आणि हळूच दमास्पीला म्हणाले, "घोडीवर बस. किल्ला गाठ."

पाहुणा दुसरं ताट संपवत होता, तेव्हा किल्लेदार शिपायांना घेऊन आला आणि त्यांनी पाहुण्याला घेरलं. किल्लेदाराने मोहर हातात घेऊन पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"महिन्यापूर्वी मारल्या गेलेल्या एका अधिकाऱ्याची आहे ही. वहुक, तू तर घोडे याच्या हाती देऊन मोकळा झाला असतास. पोरं शहाणी निघाली तुझी."

"एक माझ्या बहिणीचा आहे," बाबा ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्षत्रपाचा स्वार धुरळा उडवत आला. त्याने थकलेला घोडा सोडला, ताज्यावर उडी मारली आणि भरधाव निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बाबा रस्त्यात उभे होते. मग ते तिथेच खाली बसले आणि तिन्ही पोरांना त्यांनी जवळ ओढलं.