साठ सेंटिमीटर

सूर्यफुलाच्या बियांची पुडी इकडे सरकवा आणि तिसऱ्या मजल्यावरची पिवळ्या पडद्याची ती खिडकी बघा. बोट दाखवू नका, प्लामेन घरात आहे. ही गोष्ट त्याच्याच घरात घडली, आणि त्यातलं निम्मं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली सतरा तारीख, शुक्रवार. भिंत सरळ आहे का बघायचा माझा ओळंबा परत मागायला मी वर गेलो होतो. खरं तर ओळंब्याची मला काही घाई नव्हती. पण तीन दिवस वरून ड्रिलचा आवाज येत होता, आणि आपल्या डोक्यावर काय चाललंय ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. "जा, एकदाचं नाक खुपसून या," असं माझी बायको नेव्हेना म्हणालीसुद्धा.

प्लामेन मोठ्या खोलीचे दोन भाग करत होता. जमिनीला आणि छताला पत्र्याचे चॅनेल ठोकलेले, मध्ये दर साठ सेंटिमीटरवर एक उभी पट्टी. पलीकडून जिप्समचे बोर्ड लावून झाले होते. अलीकडचा शेवटचा एक राहिला होता. पलीकडचा भाग बाळासाठी. त्याची बायको एलित्सा सोमवारी दवाखान्यातून येणार होती, वेळेच्या फार आधी जन्मलेली पोर घेऊन. महिना झाला तरी पोर जेमतेम दोन किलोची. डॉक्टरांनी बजावलं होतं, वेगळी खोली हवी, स्वच्छ आणि ऊबदार.

खोली मुळात प्लामेनच्या आईची. दोब्रिंकाताई अकरा ऑक्टोबरला गेल्या. "नातीचं तोंड बघितल्याशिवाय मी हलत नाही," असं अख्ख्या जिन्याला सांगत असायच्या, आणि नात जन्मायच्या नऊ दिवस आधीच गेल्या. त्यांच्यासाठी खिडकीत पाण्याचा ग्लास आणि पावाचा तुकडा अजून ठेवलेला होता.

मी बोटांवर मोजलं.

"लेका, आज अडतिसावा दिवस."

"माहितीये, गेनो काका."

"चाळीस होईपर्यंत गेलेलं माणूस घरातच असतं. खिळासुद्धा ठोकत नाहीत. रविवारी तिच्या नावाने घुगऱ्या वाट, मग लाव बोर्ड."

"मग फटींत भरायची लांबी कधी वाळणार? रंग कधी देऊ? तुम्ही बोर्ड धरताय की प्रवचन करताय?"

धरला. तेवढा दोष माझाही आहे.

नऊ वीसला शेवटचा स्क्रू बसला. त्याने राकीया, आमची फळांची दारू, ओतली, रिवाजाप्रमाणे आईच्या नावाने थेंबभर जमिनीवर सांडली. पेला ओठाला लावणार, तेवढ्यात...

घासल्याचा आवाज. बोर्डवरून तळहात फिरवला की येतो तसा. भिंतीच्या आतून.

"उंदीर," प्लामेन म्हणाला.

"आत्ता बंद केलेल्या भिंतीत? तुझ्यासमोर आत बघितलं की मी. रिकामी होती."

"मग पाइप असेल."

"या भिंतीत पाइप आहे?"



आवाज डावीकडे गेला. पट्टीपाशी थांबला. उजवीकडे आला. दुसऱ्या पट्टीपाशी थांबला. परत डावीकडे. आजूबाजूचे कप्पे गप्प. तेवढाच एक... साठ सेंटिमीटरचा. तिथल्या तिथे फेऱ्या. न थांबता.

प्लामेनने बोर्डला कान लावला.

"आई?"

आवाज थांबला.



मग त्याच्या कानाशी. अगदी हळू. वरून खाली. एकदाच.

त्याने ड्रिल उचललं, स्क्रूवर टेकवलं.

"काढ," मी म्हणालो.

"आणि सोमवारी?"

"सोमवारचं सोमवारी. काढ, बाळा."

"ती बाहेर आली तर कुणासाठी येईल, काका?"

पोर दोन किलोची.

त्याने ड्रिल खाली ठेवलं. आम्ही जिन्यात येऊन बसलो. दार उघडंच. आतून ऐकू येत होतं... डावीकडे... उजवीकडे...

शनिवारीही तसंच. नेव्हेनाने आमच्या स्वयंपाकघरातून ऐकलं. कपाटं सरकवतायत का, म्हणाली. मी हो म्हटलं.

रविवारी घुगऱ्या वाटल्या. संध्याकाळी भिंत गप्प झाली. सोमवारी एलित्सा आली. तिला कुणी काही सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. पोर त्या भिंतीलगत पाळण्यात झोपू लागली, अंगाने भरू लागली. प्लामेन मात्र वाळत गेला. जिन्यात भेटला की एवढंच विचारायचा, "मी बोर्ड काढायला हवा होता का?" मी म्हणायचो, "पोर बघ कशी गुटगुटीत झालीय." हे काही उत्तर नव्हे, मलाही कळतं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "वर या," एवढंच.

विजेचा प्लग बसवायला त्याने अलीकडून त्याच कप्प्याला हातभर चौकोन कापला होता. तो बाजूला झाला. मी वाकून आत बघितलं.

पलीकडचा बोर्ड आतल्या बाजूने झिजला होता. पाळण्याच्या उंचीवर. माणसाच्या चेहऱ्याएवढा खळगा, कडा चाटल्यासारख्या गुळगुळीत. जिप्सम सगळं गेलेलं, फक्त बाळाच्या बाजूचा कागद उरलेला. पलीकडे दिवा होता. त्या उजेडात कागद पिवळा दिसत होता, आणि त्याच्यामागे पोरीचा श्वास... अगदी जवळून.

मी खाली चॅनेलमध्ये बोट फिरवलं. एवढं जिप्सम झिजलं, तर भुकटी पडायला हवी होती.

बोट स्वच्छ निघालं.