डाव्या हाताचं कुंकू

"आगं, काय करून राहिलीस? सवाष्णीला डाव्या हातानं कुंकू लावतात का?"

सरोजिनीबाईंनी नातीचा हात झटकला आणि महालक्ष्म्यांपुढची कुंकवाची कोयरी सतरंजीवर लवंडली. आरास पाहायला आलेल्या बायका वळून पाहू लागल्या. सात वर्षांच्या इराने कुंकवाने माखलेल्या बोटाकडे पाहिले, मग मान वर करून आईकडे पाहिले... आणि मृण्मयी, त्या बोटाची सगळी तपश्चर्या जिला ठाऊक होती ती जन्मदात्री, पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाली, "मनावर घेऊ नका. तिला कळत नाही."

इराने बोट मुठीत मिटून घेतले.

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने इराचा डावा हात आखडलेला होता. त्या हातासाठी मृण्मयीने नांदेडच्या कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडली होती. उपचार केंद्रात तनुजा मॅडम इराला पडद्यासमोर बसवत. डावा हात उचलला की पडद्यावरचा फुगा फुटे. "व्यायाम म्हटलं की मुलं हात मागे घेतात, खेळ म्हटलं की पुढं करतात," त्या म्हणत. घरीही उजव्या हातावर मोजा चढवून रोज थोडा वेळ डाव्यानेच खेळायचे होते. हळदीकुंकवाचा खेळ मृण्मयीनेच काढला. भिंतीशी बाहुल्यांची रांग मांडायची आणि प्रत्येकीला कुंकू लावायचे. कितीतरी दिवस ते बाहुल्यांच्या गालांवर, फ्रॉकवर सांडत राहिले. सणाच्या आदल्या दिवशी ते प्रथमच नेमके कपाळावर टेकले, आणि त्या आनंदात दुसऱ्या दिवशी इरा स्वतःच मोजा चढवून शेजारच्या साखराबाईंपुढे गेली होती...

त्यानंतर तिने मोजा घालू दिला नाही. केंद्रातही पडद्यावरचे फुगे वर वर निघून गेले आणि हात मांडीवरच राहिला.

"घरी काही झालं का?" तनुजा मॅडमनी विचारले.

"सणाची दगदग," मृण्मयी म्हणाली, आणि आपण पुन्हा एकदा खोटे बोललो या जाणिवेने तिची मान खाली गेली.

"फार दिवस असं नको. वापरला नाही तर हात परत आखडेल."

घरी सरोजिनीबाई दारातच उभ्या होत्या. "किती फुगे फोडले आज?"

"एकही नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "माझ्यामुळंच."

"नाही, आई. तुम्ही हात झटकलात. मी तर तिलाच..."

सरोजिनीबाई देवघरात गेल्या. कोयरी घेऊन आल्या, नातीपुढे पाट टाकून बसल्या आणि आपला उजवा हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतला.

"इरे, लाव मला. मी बी सवाष्णच हाय. नाकावर गेलं तरी चालंल, तुझ्या आजोबाला तसंबी दिसत न्हाई."

इरा हसली नाही. "डाव्या हातानं चालतं?"

"चालतं. माझंच चुकलं, बाई."

"मम्मी म्हणाली, मला कळत नाही."

मृण्मयीला वाटले, धरणीने पोटात घ्यावे. पाहुण्यांची सबब होती, सणाची होती, ओठांपर्यंत आलीही होती... पण त्या निर्मळ डोळ्यांपुढे ती टिकेना. ती मुलीपुढे गुडघ्यांवर बसली.

"खोटं बोलले मी. तुला सगळं कळतं. त्या वेळी सगळ्यांसमोर मला तुझी लाज वाटली, इरा... आता माझीच वाटते."

इराची मूठ हळूहळू उघडली. आखडलेले बोट थरथरत कोयरीत बुडाले आणि आजीच्या कपाळावरून थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल रेघ उमटली.

ती न पुसता सरोजिनीबाई अंगणात गेल्या. "साखराबाई, या हो. तुमचं कुंकू राहिलंय."

"हे काय करून घेतलंत तोंडाला?" कुंपणापलीकडून आवाज आला.

"नातीनं लावलंय. तुम्हालाबी लावंल, या."

आत मृण्मयीने डोळे पुसून कपाळ पुढे केले.

"आत्ता नाही," इरा म्हणाली. "आधी त्या मावशी. तू रांगेत बस."

मृण्मयी उठली, भिंतीशी मांडलेल्या बाहुल्यांच्या शेवटी मांडी घालून बसली, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहू लागली.